तीन आकडी लाल

डोळे थोडा वेळ मिटलेलेच ठेवा. आधी नाकाने आत या.

जवसाचं तेल, रॉकेल, तापलेलं लोखंड, कोऱ्या रिमांचा वास आणि या सगळ्यावर कुणाच्या तरी स्वस्त सिगारचा धूर. घसा खवखवतोय? खवखवणारच. ताजे छापलेले ताव एकावर एक पडतात आणि ओल्या शाईचे डाग वरच्या तावाच्या पाठीला लागतात. ते लागू नयेत म्हणून इथे प्रत्येक तावावर पिठूळ पूड फवारतात. ती दिवसभर हवेत तरंगत राहते आणि संध्याकाळपर्यंत भुवया पांढऱ्या करून सोडते. आता पायांकडे लक्ष द्या. जमीन थरथरतेय. खालच्या मजल्यावर मशीनं चालू आहेत, वरच्या मजल्यावर आहेत, शेजारच्या इमारतीतही आहेत. तुमच्या दातांपर्यंत पोचणारी ही थरथर इथे कुणाला जाणवतही नाही. ती थांबली तरच माणसं दचकून वर बघतात.

उघडा डोळे. १९६२ सालचा उन्हाळा आहे. न्यू यॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या पश्चिम अंगाला, हडसन स्ट्रीटच्या आसपासच्या एका दणकट इमारतीत तुम्ही उभे आहात. हा सगळा छापखान्यांचा मोहल्ला. मशीनचं वजन पेलणाऱ्या भक्कम जमिनी, मोठाल्या खिडक्या आणि कागद वर चढवणारी मालाची लिफ्ट. खिडक्या सताड उघड्या आहेत, पण त्यांतून वाऱ्यापेक्षा ट्रकचा धूरच जास्त आत येतो. सदरा पाठीला चिकटलाय. समोरच्या हायडेलबर्ग मशीनचे दोन पोलादी हात गरगर फिरताहेत. एक कोरा कागद उचलतो, दुसरा छापलेला ठेवतो. फुस्स-खट. फुस्स-खट. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं.

फोरमन तुम्हाला एक ॲप्रन फेकून देतो आणि बोटाने कोपरा दाखवतो: शाईचं टेबल. आज दिवसभर तुम्ही तिथे.

टेबलावर जाड काचेची लादी. मागे छतापर्यंत शाईचे डबे. लेबलं शाईच्या बोटांनी इतकी माखलेली की नाव वाचायला डबा खिडकीशी न्यावा लागतो. आणि नाव वाचूनही फारसं कळत नाही. या कंपनीचा ‘चकचकीत लाल’ त्या कंपनीच्या ‘चकचकीत लाल’शी जुळेलच असं नाही. प्रत्येक शाईवाल्याची नावं वेगळी, शेडकार्ड वेगळं, खाक्या वेगळा.

लादीपाशी साठीतला एक माणूस उभा आहे. अंगठ्याच्या नखाखाली कायमची निळी रेघ. तो तुमच्याकडे बघत नाही. सुरीने डब्यातल्या शाईवर धरलेली साय गोल कापतो, उचलून फेकतो. खालची शाई काकवीसारखी दाट, सुरीवरून जड धार धरून उतरणारी. पिवळ्याचा एक गोळा लादीवर. लालचा एक. पांढऱ्याची एक बोटभर रेघ. मग सुरी चालू होते: पसरायचं, गोळा करायचं, उलटायचं, पुन्हा पसरायचं. लाल पिवळ्यात शिरतो, पिवळा हार मानतो, मधेच दोघांचं भांडण दिसतं, आणि थोड्या वेळाने लादीवर एकच अखंड रंग उरतो.

ग्राहकाने नमुना काय दिलाय बघा. एका प्रसाधन कंपनीचा माणूस लिपस्टिकची नळी ठेवून गेलाय. दुकानात ठेवायच्या शेडकार्डावर नेमकी हीच छटा हवी. कार्डावरची छटा बघून बाई लिपस्टिक घेणार, घरी जाऊन लावणार, आणि ओठांवर वेगळंच काही दिसलं तर दुसऱ्या दिवशी नळी परत दुकानात.

म्हातारा करंगळीएवढी शाई बोटाच्या टोकावर घेतो आणि कागदावर टपटप टपटप आपटत नेतो. शाईचा थर विरळ होत होत मशीन जेवढा देईल तेवढा पातळ व्हायला हवा. लादीवरचा ढीग बघून रंग ठरवणारा फसतो. ढिगात रंग नेहमी गडद दिसतो. टपटपून झालं की तो कागद लिपस्टिकशेजारी धरतो, डोकं तिरकं करतो. मान हलवतो. पिवळा किंचित कमी. पुन्हा सुरी.

तुम्हीही बघा. नीट, टक लावून. बघत राहा त्या लालकडे. आता पटकन शेजारच्या कोऱ्या कागदाकडे नजर न्या. दिसला हिरवट-निळसर डाग? कागदावर तो नाहीये, तुमच्या डोळ्यांत आहे. लालने डोळा थकला की तो उलटा रंग दाखवायला लागतो, आणि अशा थकल्या डोळ्याने जुळवलेला पुढचा लाल हमखास चुकतो. म्हातारा दर थोड्या वेळाने खिडकीबाहेरच्या करड्या भिंतीकडे का बघत बसतो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. तो डोळे धुतोय.

दुपारी कुठे तरी जुळतं. म्हातारा नमुना आणि टपटपलेला कागद टेबलावरच्या ट्यूबलाइटखाली शेजारी ठेवतो. तुम्हाला फरक दिसत नाही. पण तो दोन्ही घेऊन बाहेरच्या लोखंडी जिन्यावर जातो, उन्हात धरतो, आणि तुमच्या डोळ्यांदेखत दोन्ही रंग वेगळे होतात. लिपस्टिक लालच राहते, कागद विटकरीकडे झुकतो. दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी घडवलेले रंग एका उजेडात जुळे वाटतात आणि दुसऱ्या उजेडात परके. ट्यूबलाइटच्या उजेडात जे किरण कमी असतात, ते उन्हात भरपूर असतात. दडलेला फरक तिथे उघडा पडतो. छपाईत रंगावरून जितकी भांडणं होतात, त्यांतली किती तरी खरं तर दिव्यांची असतात. ग्राहकाचं ऑफिस वेगळ्या दिव्याचं, छापखाना वेगळ्या दिव्याचा, दुकान तिसऱ्याच दिव्याचं.

पुन्हा लादी. पुन्हा सुरी. अखेर जॉब मशीनवर चढतो, ताव पडायला लागतात, आणि तुम्ही विचारता: याचं प्रमाण कुठे लिहून ठेवलंय?

कुठेच नाही. उरलेली शाई एका डब्यात भरली, वर कागद दाबला, ग्राहकाचं नाव खरडलं, डबा फळीवर. प्रमाण म्हाताऱ्याच्या मनगटात आहे. पुढच्या महिन्यात हाच जॉब पुन्हा आला, डब्यातली शाई सुकलेली असली आणि म्हातारा आजारी असला, तर दुसरा माणूस दुसऱ्या हाताने दुसरा लाल करणार. शिकागोच्या एखाद्या छापखान्यात हेच कार्ड छापायचं ठरलं, तर तिथला तिसरा माणूस तिसरा लाल करणार. त्या तिघांपैकी कुणीही कामचुकार नाही. तिघेही आपापल्या परीने उत्तम कारागीर आहेत. त्यांच्यात बोलायला सामाईक भाषा नाही, एवढंच.

भिंतीवरचा फोन वाजतोय. घ्या तुम्हीच. पलीकडे जाहिरात कंपनीतला कुणी तरी मशीनच्या आवाजावर ओरडतोय: टोमॅटोचा लाल हवा, पण फार पिकलेला टोमॅटो नको, आणि मागच्या वेळी केलात तसा तर अजिबात नको. लिहून घ्या. म्हातारा ते वाचेल, चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात घालेल आणि स्वतःला वाटेल तोच लाल करेल. त्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही.

जेवणाची सुट्टी. चला रस्त्यावर. फुटपाथवर ऊन इतकं की डांबराचा वास येतोय. ढकलगाड्यांवर कागदाचे गठ्ठे, ट्रकवाल्यांच्या शिव्या, उकडलेल्या सॉसेजची आणि मोहरीच्या चटणीची वाफ. टॅक्सी बघा. न्यू यॉर्कची टॅक्सी म्हटलं की पिवळी, असं तुमच्या डोक्यात पक्कं बसलंय ना? इथे आत्ता तांबड्या आहेत, हिरव्या आहेत, दुरंगी आहेत, आणि पिवळ्याही आहेत. सगळ्या परवानाधारक टॅक्सींनी एकच पिवळा लावावा असा नियम यायला अजून काही वर्षं आहेत. शहराचं रंगाच्या बाबतीत अजून ठरायचं आहे.

कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमध्ये शिरा, गार वाटेल. आणि मला जे दाखवायचंय ते इथेच आहे. एका फळीपुढे उभे राहा. गिरगावातल्या किंवा पुण्याच्या तुळशीबागेतल्या दुकानात तुम्ही वस्तू मागता, दुकानदार ती काढून देतो, तोच तिची तारीफही करतो. इथे दुकानदार नाही. डब्यांच्या रांगा आहेत आणि तुमची नजर आहे. तुम्हाला हाक मारायचं सगळं काम डब्याच्या रंगाला करायचंय, आणि शेजारी ठेवलेले एकाच मालाचे दोन डबे दोन छटांचे असले तर तुमचा हात आपोआप एकाकडे जातो, दुसरा टाळतो. कोडॅकच्या फिल्मच्या पिवळ्या खोक्यांची गोष्ट छपाईच्या धंद्यात नेहमी सांगितली जाते: वेगवेगळ्या छापखान्यांतून आलेल्या खोक्यांचा पिवळा थोडा थोडा वेगळा निघायचा, आणि मळकट पिवळ्या खोक्यातली फिल्म जुनी असणार असं समजून लोक ती घेईनात. फिल्म तीच होती, तारीखही तीच. माल पडून राहिला तो शाईतल्या चिमूटभर फरकामुळे.

सुपरमार्केटचं दार ढकलून बाहेर पडाल तेव्हा मी तुम्हाला जरा आडवाटेला नेणार आहे. घराच्या दिशेने आणि आणखी साठेक वर्षं मागे. छत्री घ्या.

मावळातला पाऊस. मळवली स्टेशनवर उतरलात की एका अंगाला कार्ल्याचा डोंगर, दुसऱ्या अंगाला भाजे. गुडघाभर गवत, ओल्या मातीचा वास, आणि त्यात मिसळलेला गोंदाचा, तेलाचा आणि आम्लाचा उग्र दर्प. हा राजा रविवर्म्याचा छापखाना. १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झाला, प्लेगच्या धास्तीने इथे आला. आत जा. अंधारल्या शेडमध्ये माणसं दगड घासताहेत. बव्हेरियातून बोटीने आलेले चुनखडीचे गुळगुळीत दगड, एकावर एक ठेवून मधे वाळू आणि पाणी घालून गोल गोल फिरवताहेत. तो घर्रर्र आवाज पावसाच्या आवाजात मिसळून जातो. प्रत्येक रंगाला एक दगड. लक्ष्मीच्या साडीचा लाल एका दगडावर, कमळाचा गुलाबी दुसऱ्यावर, कांतीसाठी आणखी वेगळे. एकेक चित्र दगडादगडावरून पुढे सरकत पुरं होतं. फ्रिट्झ श्लायशर हा जर्मन तंत्रज्ञ इथलं काम बघतो; काही वर्षांत छापखानाच त्याच्या मालकीचा होणार आहे.

कागदाला हात लावा. सर्द झालाय. सर्द कागद ताणला जातो, आणि ताणला की पुढच्या दगडाचा रंग आधीच्या रंगावर बरोबर बसत नाही. लक्ष्मीच्या ओठांचा लाल हनुवटीकडे सरकतो. पाऊस उघडला, कागद सुकला, शाई नवी कालवली, की आजची साडी कालच्या साडीपेक्षा थोडी निराळी. पण इथे त्याचं कुणाला काय? हे चित्र कुणाच्या तरी देवघरात एकटं लागणार. तिथे त्याच्या शेजारी दुसरी प्रत नसणार. कुणी त्यावर जर आणि टिकल्या चिकटवेल, कुणी खऱ्या कापडाची साडीही नेसवेल. शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायची वेळच येत नाही, म्हणून लाल जुळला नाही ही तक्रारही नाही. मळवलीच्या त्या कारागिरांचा डोळा हडसन स्ट्रीटवरच्या म्हाताऱ्यापेक्षा रतीभरही कमी नव्हता. त्यांना फळीवर रांगेत उभं राहणारं काही छापायचं नव्हतं. १९७२ मध्ये आग लागून तो छापखाना गेला, आणि कोणता लाल कसा कालवला ते सांगू शकणारी किती तरी सामग्री त्याबरोबर गेली असणार, या विचाराने मला आजही हळहळ वाटते.

परत चला. मॅनहॅटन, तोच उन्हाळा.

या वेळी तुम्ही वेगळ्या कंपनीत आहात: एम अँड जे लेव्हिन. मर्विन आणि जेसी हे दोघे भाऊ जाहिराती आणि छपाईचा धंदा करतात. इथल्या शाईच्या टेबलापाशी ॲप्रनमधला जो तरुण आहे, त्याच्याकडे बघा. लॉरेन्स हर्बर्ट. हॉफस्ट्रामध्ये जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकलेला, डॉक्टर व्हायच्या विचारात असलेला. १९५६ मध्ये इथे अर्धवेळ कामाला लागला आणि शाईतच अडकला. इथेही तेच डबे होते, तीच साय, तीच टपटप. फळीवर साठेक रंगद्रव्यं होती आणि हवा तो रंग त्यांतून शोधत बसायचं. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला हे सहन होणं अवघडच होतं. साठ कशाला, दहा-बारा मूळ शाया नीट निवडल्या आणि मोजून मिसळल्या तर बाकी सगळं त्यांतून निघतं, हे त्याने ताडलं.

त्याच्या टेबलावर सुरीशेजारी एक नवीन वस्तू आहे. तराजू.

बसा. आज तुम्ही कालवायचं. डब्यांवरची नावं स्वच्छ वाचता येतात: यलो, वॉर्म रेड, रुबिन रेड, ऱ्होडामिन रेड, पर्पल, रिफ्लेक्स ब्लू, प्रोसेस ब्लू, ग्रीन. त्यांच्या जोडीला ब्लॅक आणि ट्रान्सपरंट व्हाइट. बस. समोर कागद आहे. त्यावर याचे इतके भाग, त्याचे इतके. तराजूचं पारडं मेणकागदाने झाका, नाही तर पारड्याला लागलेली शाईसुद्धा वजनात येईल. पिवळा घाला. हळू. काटा थरथरतोय, हात थरथरतोय. जास्त झालं? सुरीच्या टोकाने काढा. आता वॉर्म रेड. हा जपून, गडद शाई पिवळ्याला एका थेंबात गिळते, आणि एकदा गिळलं की पिवळ्याची किती पिंपं ओतली तरी मागे फिरणं महाग पडतं. म्हणून फिका रंग आधी आणि गडद नंतर, हा नियम तुम्हाला इथे कुणी सांगणार नाही, पहिली चूक सांगेल. ‘थोडंसं’ हा शब्द या टेबलावर चालत नाही. घामाचा थेंब पारड्यात पडू देऊ नका.

मिसळा. पसरा, गोळा करा, उलटा. कागदावर सुरीने एक लांब पट्टा ओढा. आला ना? तो लाल तुमच्या मनगटात नव्हता, तुम्ही आजच आलात. तरीही तो आला. म्हातारा आजारी पडला तरी तो येईल. शिकागोत कुणी हेच भाग मोजले तर तिथेही येईल. मला वाटतं या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा क्षण हाच आहे, आणि तो घडतो एका घामट खोलीत, पारड्याकडे डोळे लावून बसलेल्या माणसासमोर.

१९६२ मध्ये लेव्हिन बंधूंच्या कंपनीची जाहिरातीची बाजू ५०,००० डॉलर कर्जात होती आणि हर्बर्टची शाई-छपाईची बाजू नफ्यात. हर्बर्टने ५०,००० डॉलर मोजून कंपनीची तांत्रिक मालमत्ता आपल्याकडे घेतली आणि नाव ठेवलं पँटोन. पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये, पहिलं मार्गदर्शक बाहेर पडलं.

ते हातात घ्या. अरुंद, लांब पट्ट्यांचा जुडगा, एका टोकाला खिळ्याने जखडलेला. अंगठ्याने सरकवा, पंखा उघडतो. ताज्या शाईचा वास अजून गेलेला नाही. एका पट्टीवर सात चौकोन. मधला चौकोन मूळ मिश्रण. वर जाल तसा ट्रान्सपरंट व्हाइट वाढत जातो आणि रंग फिका होतो, खाली जाल तसा काळा मिसळत जातो आणि रंग गडद होतो. प्रत्येक चौकोनाखाली एक नंबर, आणि नंबराजवळ बारीक अक्षरांत कृती: कोणत्या शाईचे किती भाग. लाल, गुलाबी, निळा असलं काही नाही. नंबर. आणि तो नंबर सांगायला रंगाचं वर्णन करायची गरज नाही. तोंडाने सांगा, तारेने कळवा, पाकिटाच्या पाठीवर लिहा.

फोन वाजतोय, घ्या. पलीकडे तोच जाहिरातवाला, पण आता त्याच्या टेबलावरही असाच पंखा आहे. तो टोमॅटोचं नाव काढत नाही. ‘१८५,’ म्हणतो आणि फोन ठेवतो. तुम्ही पट्टी शोधता, तराजू ओढता. मागे मशीन चालूच आहे, फुस्स-खट, आणि या वेळी ओरडावं लागलेलं नाही.

हर्बर्टची खरी हुशारी मात्र पुढे आहे. त्याने शाईचे डबे विकून गबर व्हायचा मार्ग धरला नाही. शाई बनवणाऱ्या कंपन्यांना त्याने परवाने दिले: तुमचीच शाई, तुमचाच कारखाना, पण मूळ शाया आम्ही ठरवल्या त्याच रंगाच्या हव्यात. ज्या कंपन्या एकमेकींच्या शेडकार्डाला ओळखही देत नव्हत्या, त्या एकाच नंबराखाली आल्या. हर्बर्टने जगाला कृती विकली, आणि कृती खरी ठरायची तर सगळ्यांची सामग्री सारखी लागते, हे त्याने आधीच ओळखलं होतं.

पंखा हातात आला म्हणून म्हातारा रिकामा झाला, असं समजू नका. त्याला शोधा, तो अजून लादीपाशीच आहे. नंबराप्रमाणे मोजलेली शाई तो गुळगुळीत आर्ट पेपरवर ओढतो, मग तीच शाई खरबरीत, बिनलेपाच्या कागदावर ओढतो. दोन्ही शेजारी ठेवा. पहिली वरच बसते, चमकते. दुसरी कागदात मुरते, मलूल होते. शाई तीच, नंबर तोच, रंग दोन. पुढे नंबरांमागे लेपाच्या कागदासाठी ‘सी’ आणि बिनलेपाच्या कागदासाठी ‘यू’ ही अक्षरं लागली, ती यामुळे. आणि रिफ्लेक्स ब्लू? मशीनमनला विचारा. तो लवकर सुकत नाही. घाईने गठ्ठे बांधले तर घासून पुसट होतो, शेजारच्या तावाला निळं करतो. आज छापलेला जॉब उद्या सकाळी किती वाजता कापायचा, हे नंबर सांगत नाही. ते म्हाताऱ्याला कळतं.

आता आपल्या काळात या. पाय सांभाळा, ही जमीनही थरथरतेय. पुण्या-मुंबईतलं कोणतंही बरं ऑफसेट युनिट. वातानुकूलित हॉल, चार किंवा अधिक रंगांचं मशीन, कन्सोलवर ठरावीक उजेडाचा दिवा. दिव्यांची भांडणं मिटावीत म्हणून ५००० केल्विनचा उजेड जगभरच्या छापखान्यांनी मान्य केलाय. एक छोटं यंत्र तावावर टेकवलं की रंगाचे आकडे पडद्यावर. आणि कन्सोलच्या कडेला, कडा मळलेला, तोच पंखा. डिझायनर व्हॉट्सॲपवर नंबर पाठवतो. मशीनमन पट्टी उघडून तावाशेजारी धरतो आणि डोकं तिरकं करतो. त्याच्या आधी त्या म्हाताऱ्याने केलं होतं तसंच.

निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांच्या ठिपक्यांतून फोटो छापतात, पण तळपता भगवा किंवा गर्द जांभळा त्या चौघांना झेपत नाही, फिका पडतो. म्हणून लोगोचा, वेष्टनाचा, मुखपृष्ठावरच्या मोठ्या पट्ट्याचा रंग अजूनही वेगळी शाई कालवून, वेगळ्या प्लेटवर, पाचवा रंग म्हणून घेतात. नंबर तिथे लागतोच. आणि नंबराचा पसारा छपाईपलीकडेही गेलाय. २००३ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेच्या समितीने तिथल्या झेंड्याचा निळा कोणता हे ठरवताना पँटोन ३०० ची शिफारस केली. कापडाच्या झेंड्याला शाईचा नंबर!

आपल्याकडे आपण हे काम त्याच्या किती तरी आधी केलं होतं आणि वेगळ्या तऱ्हेने. भारतीय मानक संस्थेचं पहिलं मानक, आयएस १, १९५१ मध्ये आलं ते तिरंग्याचं. त्यात केशरी, पांढरा, हिरवा, निळा हे रंग आंतरराष्ट्रीय मोजमापाच्या आकड्यांत बांधून दिले आहेत. ते आकडे कोणत्याही एका कंपनीच्या शाईचे नाहीत. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. पँटोन ही खासगी कंपनी आहे. २००७ मध्ये एक्स-राइटने ती १८ कोटी डॉलरला घेतली. २०२२ मध्ये अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पँटोनचे बरेच संच काढले गेले, आणि कित्येक डिझायनरांनी जुन्या फायली उघडल्या तेव्हा रंगाच्या जागी काळं दिसलं. रंग हवा तर निराळी वर्गणी भरा. हर्बर्टच्या तराजूने छपाईला भाषा दिली याबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे. पण अख्ख्या धंद्याची भाषा एका कंपनीच्या कुलपात असणं मला पटत नाही, आणि त्या दिवशी काळ्या फायलींपुढे बसलेल्या माणसांनाही ते पटलं नसणार.

आणि आता तुमच्यापुरतं. लवकरच तुम्ही लग्नाची पत्रिका, दुकानाची पाटी नाहीतर एखाद्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ घेऊन छापखान्यात जाल. तिथे ‘छानसा मरून’ म्हणू नका आणि मोबाइलचा पडदा पुढे करू नका. दोन मोबाइलवर तोच मरून दोन तऱ्हांचा दिसतो. पंखा मागा. तो फार जुना असेल, उन्हात पडून पिवळा झाला असेल तर नवा मागा. वर्ष-दीड वर्षाने तो बदलायला हवा, कारण त्यातल्या शाया विटतात आणि कागद पिवळा पडतो. तुमचा कागद गुळगुळीत असेल तर गुळगुळीत पट्टीवरून निवडा, खरबरीत असेल तर खरबरीत पट्टीवरून. नंबर लिहून द्या. पहिला ताव पडला की तो खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात पट्टीशेजारी धरा, पटला तर त्यावर सही करा, आणि शाई कालवणाऱ्या माणसाला घाई करू नका.